टाळी पडण्याआधीच पटलेलं असतं

रहाटणीतली कोपरा सभा फार मोठी नसते. रस्त्याच्या कडेला छोटा मंच, दोन कर्णे, पुढे प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या काही रांगा आणि मागे उभ्याने ऐकणारे लोक. त्यात पाळी संपवून आलेले कामगार असतात, हिंजवडीहून परतताना गाडी बाजूला लावून थांबलेले आयटीवाले असतात, भाजीची पिशवी हातात घेऊन रेंगाळलेल्या बायका असतात. हा भाग चिंचवड विधानसभा मतदारसंघात येतो आणि लोकसभेला मावळमध्ये. फेब्रुवारी २०२३ ची विधानसभा पोटनिवडणूक, मे २०२४ ची लोकसभा आणि नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा धरली, तर इथल्या मतदाराने एकवीस महिन्यांत तीन प्रचार ऐकले.

अशा सभांबद्दल आपला एक ठाम समज असतो. वक्ता खोटं बोलतो, भोळे लोक ते ऐकतात आणि त्यांना ते पटतं. माणूस कोऱ्या पाटीसारखा सभेला येतो आणि लिहिलेली पाटी घेऊन जातो. गेल्या पन्नास वर्षांतल्या मानसशास्त्रीय प्रयोगांकडे पाहिलं, तर हे चित्र उलटं असावं असं वाटतं. खोटी गोष्ट बहुतेक वेळा सभेत पहिल्यांदा ऐकलेली नसते. ती आधीच मोबाइलवर येऊन गेलेली असते, कँटीनमध्ये कानावर पडलेली असते. सभा तिला नव्याने जन्म देत नाही, तिच्यावर शिक्का मारते.

अमेरिकेत १९७७ मध्ये हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या तीन संशोधकांनी विद्यार्थ्यांना काही विधानं ऐकवली. काही खरी, काही खोटी. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने हे तीनदा केलं. काही विधानं दर वेळी तीच होती. विद्यार्थ्यांना ती विधानं दर खेपेला जास्त खरी वाटू लागली, मग ती मुळात खरी असोत वा खोटी. कारण साधं आहे. ओळखीची गोष्ट मेंदूला सहज वाचता येते, आणि ही सहजता म्हणजेच खरेपणा असा त्याचा गैरसमज होतो.

‘हे अडाण्यांच्या बाबतीत होत असेल, आमच्या नाही’, असं सुशिक्षित वाचकाला वाटू शकतं. त्यासाठी लिसा फाझिओ आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा प्रयोग आहे, आणि त्यातलं एक उदाहरण आपल्याला हसवणारं आहे. स्कॉटलंडमधले पुरुष घालतात त्या चुण्यांच्या आखूड वस्त्राला ‘साडी’ म्हणतात, अशा धर्तीचं विधान लोकांना दाखवलं गेलं. त्या वस्त्राचं खरं नाव ‘किल्ट’ आहे हे माहीत असलेल्या लोकांनाही, विधान आधी एकदा डोळ्यांखालून गेलेलं असेल तर ते थोडं जास्त खरं वाटलं. योग्य माहिती डोक्यात होती, पण त्या क्षणी ती कामाला आली नाही.

आता हे आपल्याकडच्या एका आकड्याला लावून पाहू. नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर एक आकडा महाराष्ट्रभर फिरला: ५,०४,३१३. झालेल्या मतदानापेक्षा एवढी मतं जास्त मोजली गेली, असा दावा होता. वजाबाकी बरोबर होती. मोजलेली मतं ६,४५,९२,५०८ आणि झालेलं मतदान ६,४०,८८,१९५. मात्र दुसरा आकडा फक्त मतदान यंत्रांमधला होता. टपालाने आलेली ५,३८,२२५ वैध मतं त्यात धरलेली नव्हती, असं निवडणूक यंत्रणेने लगेच स्पष्ट केलं. ती मिळवली की जास्तीची मतं उरत नाहीत, उलट मोजलेली मतं थोडी कमीच भरतात. (मतदारयाद्यांबद्दलचे इतर आक्षेप हा वेगळा विषय आहे, त्यांचा निकाल या बेरजेने लागत नाही.) खुलासा एका दिवसात आला आणि बहुतेकांनी तो वाचलाही नाही. पाच लाखांचा आकडा मात्र कितीतरी वेळा ऐकू आला. ‘पाच लाख’ लक्षात राहतं, ‘टपाली मतं’ राहत नाहीत. भाषणात टाळी कशाला पडेल, हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं एकट्या माणसाच्या मेंदूत घडतं. सभेत त्यात इतर माणसांची भर पडते.

सॉलोमन ॲश यांचे १९५० च्या दशकातले रेषांचे प्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात असतात. तीन रेषांपैकी कोणती दिलेल्या रेषेएवढी आहे, इतका सोपा प्रश्न. खोलीतल्या इतरांना आधीच सांगून ठेवलेलं असायचं की चुकीचं उत्तर द्या. खरा सहभागी एकच. त्याने दिलेल्या उत्तरांपैकी सुमारे एक तृतीयांश उत्तरं गटाच्या चुकीच्या उत्तराबरोबर गेली. याच प्रयोगाचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे आणि तो फार कमी सांगितला जातो. गटातल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी हे प्रमाण झपाट्याने खाली यायचं. सभेत हा एकजण नसतो. म्हणजे असतो, पण तो गप्प असतो. शेजारच्या दहाजणांनी टाळी वाजवली की आपल्याला वाटतं, या दहाजणांना हे पटलंय. त्यातल्या चौघांनी केवळ बाकीचे वाजवताहेत म्हणून टाळी वाजवली असेल, हे कुणालाच दिसत नाही.

आणि शेजारी अनोळखी नसतो. रहाटणीच्या सभेला माणूस मंडळातल्या पोरांबरोबर येतो, सोसायटीतल्या लोकांबरोबर येतो, गावाकडच्या भावकीबरोबर येतो. मराठवाडा, खानदेश, विदर्भातून येऊन इथे स्थायिक झालेल्यांना तर अशा जमावात आपली माणसं भेटतात, हेही येण्याचं एक कारण असतं. स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके या गावात निखाऱ्यांवरून चालण्याचा विधी होतो. तिथे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी चालणाऱ्यांच्या आणि पाहणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. चालणाऱ्याचे नातेवाईक आणि मित्र नुसते बसून पाहत होते, तरी त्यांच्या ठोक्यांचा चढउतार चालणाऱ्याशी जुळला. परक्या प्रेक्षकांचा जुळला नाही. राजकीय सभेत कुणी असे ठोके मोजल्याचं माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा तिकडे नेता येणार नाही. पण जमावातली ऊब ही नुसती बोलायची गोष्ट नाही, शरीरात मोजता येण्यासारखं काहीतरी तिथे घडतं, एवढं त्यातून दिसतं.

या उबेत वक्ता अनेकदा थेट खोटं बोलतही नाही. ‘मी म्हणत नाही, लोक म्हणतात.’ ‘मी फक्त प्रश्न विचारतोय.’ ‘तुम्ही पण व्हॉट्सॲपवर पाहिलं असेल.’ या तिसऱ्या वाक्याची करामत मोठी आहे. ते श्रोत्याच्या आधीच्या ओळखीला हाक मारतं. निनावी फॉरवर्डला त्या क्षणी नाव मिळतं, चेहरा मिळतो. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये तीच गोष्ट सांगताना माणूस ‘मोबाइलवर आलं होतं’ असं म्हणत नाही. ‘मी स्वतः सभेत ऐकलं’, असं म्हणतो. गोष्ट तीच, पण साक्षीदार मिळालेला.

मग खोटं उघडं पाडलं तर? इथे संशोधन जरा निराश करणारं आहे. ब्रायनी स्वायर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या विधानांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. चुकीची विधानं दुरुस्त करून दाखवल्यावर ट्रम्प यांच्या समर्थकांचाही त्यांवरचा विश्वास कमी झाला. म्हणजे समर्थक ऐकतच नाहीत, हे खरं नाही. पण आठवड्याभराने तो विश्वास काही प्रमाणात परत आला, आणि मत कुणाला द्यायचं यात फरक पडला नाही. ऑस्ट्रेलियात दोन्ही बाजूंच्या नेत्यांवर असाच प्रयोग झाला. तिथे खोट्या विधानांची संख्या खऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त दाखवली, तेव्हाच नेत्याबद्दलचं मत थोडं उतरलं. माणसं नेत्याकडे माहितीसाठी जात नाहीत. तो आपला आहे की नाही, हे पाहायला जातात.

आपल्याकडे २०२४ च्या लोकसभेनंतर ‘फेक नरेटिव्ह’ हा शब्द घरोघरी पोचला. संविधान बदलणार, या प्रचाराला उत्तर म्हणून सत्ताधारी बाजूने तो आणला, आणि आता सगळेच पक्ष तो एकमेकांवर फेकतात. माझ्या मते या शब्दाने गोंधळ वाढवला. ‘पुढे असं होईल’ हा अंदाज असतो. तो पटेल किंवा पटणार नाही, पण त्या दिवशी तो खोटा आहे असं मोजून दाखवता येत नाही. ‘पाच लाख मतं जास्त मोजली’ हा दावा असतो, तो बेरीज करून तपासता येतो. दोन्हींना एकच नाव दिलं की तपासता येण्याजोगी गोष्टसुद्धा ‘तुमचं नरेटिव्ह, आमचं नरेटिव्ह’ या खात्यात जाते.

तपासायला वेळच मिळू नये, अशीही एक तऱ्हा आहे. १९ नोव्हेंबर २०२४ ला, म्हणजे विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या आवाजातल्या म्हणून काही ध्वनिफिती पसरल्या. बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरल्याचा आरोप त्यामागे होता. भाजपने त्या समाजमाध्यमांवर टाकल्या, दोघांनीही आरोप फेटाळला. बूमसारख्या पडताळणी संस्थांनी त्या तपासल्या, तेव्हा बहुतेक फिती कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या असल्याचं दिसलं. प्रचार तोपर्यंत थांबलेला होता, त्यामुळे सभेत उत्तर देण्याची सोय नव्हती. सुळे यांचे चुलत भाऊ आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी मतदानाच्या दिवशी पत्रकारांना सांगितलं, की आवाज आपल्या बहिणीचाच आहे, आपण तो ओळखतो. ते राजकीय विरोधक होते, हे धरूनही हा प्रसंग बोलका आहे. ओळखीचा आवाज हा आजवर पुरावा होता. आता तो राहिलेला नाही आणि आपल्या कानांना हे अजून माहीत नाही.

याचा अर्थ सभेला आलेला प्रत्येकजण फसतो, असा नाही. काहीजण गंमत म्हणून येतात, काही नेत्याला जवळून पाहायला, काही कुणाचा तरी शब्द राखायला. आधीपासून ज्याचं मत पक्कं आहे, तोच बहुधा पुढच्या रांगेत असतो. अमेरिकेतल्या २०१६ च्या निवडणुकीच्या अभ्यासातही खोट्या बातम्यांच्या संकेतस्थळांचं बरंचसं वाचन थोड्याच, आधीच एका बाजूला झुकलेल्या लोकांमध्ये एकवटलेलं आढळलं. खोट्या प्रचारानेच निवडणुका जिंकल्या जातात, असं म्हणायला पुरावा अपुरा आहे. हरलेल्या बाजूला ते म्हणायला सोयीचं असतं, एवढंच.

पण धोका फक्त मतपेटीपुरता नसतो. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाचजण तिथे होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा अफवा त्याआधी कित्येक दिवस व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. जमावाने त्या पाचजणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मारून टाकलं. तिथे मंच नव्हता, माइक नव्हता, पक्षही नव्हता. वर सांगितलेल्या गोष्टी मात्र सगळ्या होत्या: आधी अनेकदा ऐकलेलं, भोवती आपली माणसं, आणि उलट बोलणारा कुणी नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली.

उपायांवर भारतातच चांगलं काम झालं आहे, आणि त्याची सुरुवात अपयशाने झाली. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये १,२२४ लोकांवर प्रयोग केला. त्यांपैकी ज्यांना प्रशिक्षण द्यायचं ठरलं होतं, त्यांच्या घरी जाऊन खोटी बातमी कशी ओळखायची हे सुमारे तासभर शिकवलं. नंतर तपासलं, तर एकूण फरक जवळपास शून्य. भाजपला मानणाऱ्यांमध्ये तर, आपल्या पक्षाला सोयीच्या खोट्या बातम्या ओळखण्याची क्षमता थोडी घटलेली दिसली. ऐन प्रचारात दिलेला हा धडा बहुधा ‘समोरच्या बाजूचा’ म्हणून ऐकला गेला असावा.

पुढच्या खेपेला त्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गोष्टी बदलल्या. मोठ्यांऐवजी शाळकरी मुलं घेतली, आणि राजकारणाऐवजी आरोग्य. बिहार सरकारच्या यंत्रणेच्या मदतीने ५८३ गावांमधली १३,५०० हून अधिक मुलं निवडली. त्यांतल्या काहींना सुमारे चौदा आठवड्यांत दीड-दीड तासाचे चार वर्ग दिले. विषय लशी, घरगुती उपचार, आजारांबद्दलच्या अफवा असे. ‘हे कुणी सांगितलं’, ‘त्याला कसं माहीत’, ‘दुसरीकडे कुठे आलंय का’, हे विचारायची सवय लावली. मुलांना खरं-खोटं जास्त चांगलं ओळखता येऊ लागलं, आणि चार महिन्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही तो परिणाम टिकून होता. त्या वेळी त्यांना राजकीय बातम्याही दाखवल्या. त्या वर्गात राजकारणाचा विषय निघालेला नव्हता, तरी या मुलांना त्यांतलं खोटं इतरांपेक्षा जास्त ओळखता आलं. संशोधकांनी मुलांच्या आईवडिलांनाही प्रश्न विचारले. त्यांना कुणी काही शिकवलेलं नव्हतं. वर्गात बसलेल्या मुलांच्या घरी त्यांचीही उत्तरं सुधारलेली निघाली.