काळी मेंदी : नाव वनस्पतीचे, व्रण रसायनाचा

वैशाखातील लग्नसराई ओसरत असताना मंडणगडच्या माझ्या चिकित्सालयात एक तरुण मुलगी आईसमवेत आली. थोरल्या बहिणीच्या लग्नास चार दिवस झाले होते. मुलीच्या उजव्या हाताच्या पाठीवर वेलबुट्टी होती, परंतु ती रंगाची नव्हे, पाण्याने भरलेल्या बारीक फोडांची. पानाला पान, कळीला कळी, नक्षी जशीच्या तशी उठलेली. ऐन उन्हाळा आणि आंबा-फणसाचा अतियोग, म्हणजे पित्तप्रकोप, एवढेच मला क्षणभर सुचले, हे प्रांजळपणे नमूद करतो. तथापि पित्त काही वेलबुट्टी काढीत नाही.

प्रश्न विचारता उलगडा झाला. मुंबईहून आलेल्या चाकरमानी नातलगांनी 'काळ्या मेंदी'चे तयार कोन आणले होते. तासाभरातच कोळशासारखा रंग चढला म्हणून सर्वांनी कौतुक केले. आदल्या वर्षीही एका लग्नात असाच कोन वापरला होता. त्या वेळी दहाएक दिवसांनी थोडी खाज आली, ती कोणी मनावर घेतली नाही.

आपण ज्या मदयन्तिकेला ओळखतो ती तिक्त-कषाय, शीतवीर्य, लघु-रूक्ष, दाहशामक. तिच्या पानांतील लॉसोन हे रंजकद्रव्य त्वचेच्या बाह्य स्तरातील केराटिनाशी सावकाश बद्ध होते. लेप काही तास राहावा लागतो. काढल्यावर रंग प्रथम नारिंगी दिसतो आणि दीड-दोन दिवसांत तांबूस-तपकिरी होतो. काळा तो कधीच होत नाही. (श्रावणात आपल्या बांधांवर फुलणाऱ्या तेरड्याच्या पानांतही हेच लॉसोन असते. हिंदीत त्याला गुलमेहंदी म्हणतात ते उगीच नव्हे. मात्र 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण त्याच्या फुलांविषयीची!) तेव्हा 'काळी मेंदी' नावाची वेगळी वनस्पती अस्तित्वात नाही. पाच मिनिटांत गडद लाल होणारा कोनही तितकाच संशयास्पद समजावा, कारण पानाला ती घाई ठाऊक नाही.

काळेपणा येतो तो बहुधा पॅराफेनिलीनडायअमाइन, संक्षेपाने पीपीडी, या केसांच्या कलपातील रसायनामुळे. युरोपीय संघात मिश्रण केल्यानंतरच्या केशरंगात ते २ टक्क्यांपर्यंतच चालते. त्वचेवरील नक्षीसाठी मुळीच चालत नाही. निरनिराळ्या देशांत तपासलेल्या काळ्या मेंदीच्या नमुन्यांत मात्र ते याच्या अनेक पट आढळले आहे. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात विषयुक्त अभ्यंग व लेप यांनी होणारे स्फोट, स्राव आणि त्वक्पाक वर्णिले आहेत. ते वाचताना राजवाड्यातील कारस्थाने डोळ्यांपुढे येतात. लग्नघरातील कोन येत नाही.

अधिक चिंतेची बाब पुढे आहे. पहिल्या संपर्कात शरीर या द्रव्यास शत्रू म्हणून ओळखू लागते; त्याची प्रतिक्रिया एक ते तीन आठवड्यांनी, क्वचित अगदी सौम्य, उमटते. पुढील संपर्कात ती एक-दोन दिवसांतच उसळते. दूषीविषाची कल्पना ज्यांच्या अंगवळणी पडली आहे त्या वैद्यबंधूंना हे समजण्यास कठीण जाऊ नये. ही ओळख सहसा आयुष्यभर पुसली जात नाही. उद्या हीच मुलगी चाळिशीत केसांना कलप लावील तेव्हा डोळे-चेहरा सुजण्याचा धोका राहील. काही सल्फा औषधे, बेन्झोकेनसारखी बधिरीकरणाची मलमे आणि कापडाचे काही रंगही तिला असात्म्य ठरू शकतात.

दुसऱ्या टोकाचेही भान असावे. ऑगस्ट २०१२ मध्ये ईदच्या आदल्या रात्री मुंबईत मेंदीने विषबाधा होते अशी आवई उठली आणि शेकडो मुली व स्त्रिया रुग्णालयांत धावल्या. बहुतेकींना थोड्याच वेळात घरी सोडण्यात आले. आमच्या तालुक्यातही ईद आणि लग्न दोन्हींना घरोघरी मेंदी लागते. भीती पसरली तर कुंपणावरची निरपराध मेंदीही बदनाम होईल.

मात्र शुद्ध मेंदीही सर्वांस निर्धोक आहे असे आपण म्हणू नये. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात न्यूनता असलेल्या अर्भकांत मेंदीच्या लेपाने रक्तकणांचा नाश होऊन गंभीर पांडु व कामला झाल्याचे वृत्तांत प्रसिद्ध आहेत. म्हणून बारशाला तान्ह्या बाळाच्या तळव्यांवर मेंदी लावण्यास मी स्पष्ट नकार देतो. 'आधी थोडीशी लावून पाहा' हा सल्लाही काळ्या कोनाबाबत देऊ नये. ती चाचणीच संवेदना निर्माण करू शकते.

त्या मुलीला थंड पाण्याच्या घड्या सांगून, कोणताही लेप न देता, मी तालुक्याबाहेरील त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविले. अशा वेळी घरगुती प्रयोगांत दोन दिवस घालविणे हितावह नाही. फोड सुकले, पण जागेवर फिकट पांढरी नक्षी उरली. गावात कोड असल्याची कुजबुज सुरू झाली आणि तिच्यासाठी आलेले एक स्थळ थबकले. त्या घरच्या वडीलधाऱ्यांना मी स्वतः बोलावून नक्षीच्या कडा दाखविल्या, हे कोड नव्हे आणि संसर्गजन्यही नव्हे, हे समजावून सांगितले. सात महिन्यांनी रंग बराचसा भरून आला. तिच्या केसपेपरवर पहिल्याच ओळीत लाल शाईने लिहिले आहे : पीपीडी असात्म्य, कलप वर्ज्य.