पणती साच्यात अडकते? आधी साचा तपासा

दिवाळीला पणत्या विकायच्या, तर ओतकाम भर पावसाळ्यात सुरू करावे लागते. हिंगोलीत जुलै-ऑगस्टची दमट हवा नेमकी इथेच आडवी येते.

प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा पातळ मातीतले पाणी शोषतो, म्हणून कडेला मातीचा थर धरतो. उरलेली माती ओतून टाकायची. थर सुकून आकसला की पणती सुटते. साचाच ओला असेल तर थर उशिरा धरतो आणि पणती चिकटते. ओढाल तर कड तुटेल, माल वाया!

साचा गालाला लावून पाहा. गार लागला तर तो अजून ओला आहे. पंख्याखाली वाळवा, चुलीजवळ नको. ५० अंशांच्या वर सतत तापला की प्लास्टर भुसभुशीत होते.

माती घट्ट वाटली म्हणून पाणी ओतत राहू नका, ते सगळे शेवटी साच्यातच जाते. किंचित सोडियम सिलिकेटने कमी पाण्यातही माती ओतण्याजोगी होते. मात्र प्रमाण चुकले, तर ती पुन्हा घट्ट होते.

शेतातली काळी माती फुकट मिळते, पण ती पाणी धरून ठेवते आणि वाळताना भेगाळते. ओतकामाला पांढरी चिनी माती विकत आणलेलीच बरी.