पाचाचे नऊ

लॉस एंजेलिस काउंटीची वस्ती सुमारे १ कोटी, आणि तिचा कारभार हाकणाऱ्या पर्यवेक्षक मंडळात निवडून आलेले सदस्य अवघे ५. म्हणजे एकेका सदस्यामागे जवळजवळ २० लाख माणसं. गाऱ्हाणं घेऊन जायचं तरी कसं? १८५२ साली हे मंडळ स्थापन झालं तेव्हाही सदस्य ५च होते. तेव्हा काउंटीत काही हजार लोक राहत.

या आकड्याची खरी झळ लॅटिनो वस्त्यांना बसली. मतदारसंघांच्या सीमा आखताना त्यांची मतं मुद्दाम विभागली गेली, असा निर्वाळा केंद्रीय न्यायालयाने १९९०मध्ये दिला. सीमा बदलल्या आणि १९९१मध्ये ग्लोरिया मोलिना मंडळावर निवडून आल्या, पहिल्या लॅटिना सदस्य म्हणून. इतकी वर्षं लागावीत, हे मनाला लागतं.

सदस्यसंख्या वाढवण्याचे प्रस्ताव मतदारांनी १९९२ आणि २०००मध्ये फेटाळले. नोव्हेंबर २०२४मध्ये मात्र ‘मेझर जी’ हा असाच प्रस्ताव थोडक्या मताधिक्याने मंजूर झाला. २०३०च्या जनगणनेनंतर नवे मतदारसंघ आखले जातील आणि २०३२च्या निवडणुकीपासून मंडळ ९ जणांचं होईल. याच प्रस्तावानुसार काउंटीचा मुख्य कार्यकारीही थेट लोकांनी निवडायचा, तोही त्याआधीच, २०२८मध्ये.