बायोप्सीचा रिपोर्ट अनेकदा लॅबमध्ये नाही, त्याआधीच्या बरणीत बिघडतो

गेल्या मे महिन्यात, शनिवारी संध्याकाळी, कर्वेनगरच्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये माझ्या मावशीच्या स्तनातली गाठ काढली. थोड्या वेळाने सिस्टर बाहेर आल्या आणि माझ्या हातात पिशवी दिली. आत औषधाच्या गोळ्यांची रिकामी प्लॅस्टिकची बरणी, त्यात तळाशी थोडंसं द्रव आणि जेमतेम मावलेली गाठ. "हे लॅबमध्ये नेऊन द्या," एवढंच सांगितलं.

लॅब नळस्टॉपच्या पलीकडे. कर्वे रोडच्या ट्रॅफिकमधून पोहोचलो तोवर शटर अर्धं खाली. "सोमवारी आणा." पिशवी दोन रात्री आमच्याकडेच.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर आहे, हे कळलं. खाली एक ओळ होती : ऊतीचं फिक्सेशन अपुरं, हार्मोन रिसेप्टरची चाचणी निगेटिव्ह, पण निकालावर विसंबू नये, शक्य असल्यास दुसऱ्या नमुन्यावर पुन्हा करावी.

आता गाठ एकदा काढल्यावर दुसरा नमुना आणायचा कुठून?

मला वाटलं होतं, ट्रॅफिकमुळे उशीर झाला म्हणून हे झालं. लॅबमधल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, ट्रॅफिकचा काही दोष नाही, दोष बरणीचा आहे. मग हा सगळा विषय नीट समजून घेतला.

शरीरातून तुकडा कापून बाहेर काढला की त्याचा रक्तपुरवठा थांबतो, पण त्यातल्या पेशी लगेच शांत होत नाहीत. पेशींच्या आतच प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. ऑक्सिजन बंद झाला की ती मोकळी सुटतात आणि पेशीला आतून खायला लागतात. याला ऑटोलिसिस म्हणतात. बाहेरचे जंतू येऊन सडवतात ती गोष्ट वेगळी, ही घरातलीच मंडळी. पुण्याच्या मे महिन्यात हा प्रकार आणखी वेगाने होतो.

तो थांबवायचा तर तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये टाकावा लागतो. 1893 मध्ये फ्रँकफर्टचा फर्डिनंड ब्लुम हा डॉक्टर फॉर्मॅल्डिहाइड जंतुनाशक म्हणून तपासत होता. काम करता करता त्याच्या स्वतःच्याच बोटांची कातडी कडक झाली. बोटं कडक होतात तर ऊतीही होतील, हे त्याच्या लक्षात आलं. आज जगभरातल्या पॅथॉलॉजी लॅब त्याच द्रवावर चालतात.

फॉर्मॅलिन करतं काय? प्रथिनांना एकमेकांशी टाके घालतं. शिवण बसली की एन्झाइम्स जागच्या जागी अडकतात आणि पेशी जशी होती तशी थबकते. वापरायचं ते 10 टक्के फॉर्मॅलिन, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या तीव्र द्रावणाचा एक भाग आणि नऊ भाग पाणी. त्यात क्षारांचं बफर घालून ते उदासीन ठेवायचं. ते आम्लधर्मी झालं की रक्ताळलेल्या ऊतीत काळपट तपकिरी कण जमतात आणि स्लाइडवर काजळी सांडल्यासारखं दिसतं. द्रव तुकड्याच्या किमान दहापट हवं, वीसपट असलं तर उत्तम. आमच्या बरणीत ते गाठीएवढंही नव्हतं.

दुसरी अडचण वेगाची. फॉर्मॅलिन आत शिरतं सुरुवातीला तासाला साधारण 1 मिलिमीटर, पुढे आणखी हळू. चरबीत तर फारच रेंगाळतं, आणि स्तनात चरबी भरपूर. तीन सेंटिमीटरची गाठ अख्खी टाकली तर मधोमध पोहोचायलाच कितीतरी तास लागतात. तोवर मध्यभाग स्वतःला खात बसलेला असतो. मोठं भजं बाहेरून खरपूस आणि आत पीठ कच्चं, तसा प्रकार. म्हणून मोठी गाठ, गर्भाशय किंवा अख्खा स्तन काढला तर त्याला चिरा देऊन फॉर्मॅलिन आत पोहोचू द्यावं लागतं. पण या चिरा जाणत्या माणसानेच द्यायच्या. वेड्यावाकड्या कापल्या तर कॅन्सर कडेपर्यंत पोहोचला होता का, ते सांगता येत नाही.

ट्रॅफिकचा दोष का नव्हता, ते इथे कळतं. पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये गेलेला नमुना कर्वे रोडवर तासभर अडकला तरी बिघडत नाही, उलट तेवढा वेळ तो फिक्स होत असतो. बिघडतो तो कोरड्या गॉझमध्ये गुंडाळून ठेवलेला, सलाइनमध्ये टाकलेला किंवा चमचाभर फॉर्मॅलिनमध्ये कोंबलेला.

आता रंगाकडे येऊ. लॅबमध्ये तुकडा अल्कोहोलमधून सुकवतात, झायलिनमधून काढून मेणात बसवतात. मेणाच्या त्या ठोकळ्याला ब्लॉक म्हणतात. मायक्रोटोमवर त्याचे 3 ते 4 मायक्रॉन जाडीचे काप निघतात. आपला केस याच्या पंधरा-वीसपट जाड असतो. असा काप जवळजवळ पारदर्शक, सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसत नाही. म्हणून रंगवायचा.

नेहमीचे रंग दोन. हिमॅटॉक्सिलिन हे मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडापासून मिळतं. तुरटीसारख्या ॲल्युमिनियमच्या क्षाराबरोबर वापरलं की ते पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएला चिकटतं आणि केंद्रक निळं-जांभळं दिसतं. दुसरं इओसिन, ते बाकीच्या प्रथिनांना गुलाबी करतं. कॅन्सर ओळखण्याचा मोठा भाग याच जांभळ्या-गुलाबीवर चालतो : केंद्रक किती मोठं, किती गडद, किती वेडंवाकडं.

पण रंगाला चिकटायला जागा लागते. ऑटोलिसिसमध्ये डीएनए तुटला की हिमॅटॉक्सिलिनला धरायला काही उरत नाही. केंद्रक फिकट धुरकट होतं, पेशींच्या कडा एकमेकींत मिसळतात, सगळं एकसारखं गुलाबी दिसतं. आणखी एक गंमत (गंमत कसली म्हणा). फॉर्मॅलिन मध्यभागी पोहोचलं नसेल तर पुढच्या टप्प्यातलं अल्कोहोल तो भाग आपल्या पद्धतीने घट्ट करतं. मग एकाच स्लाइडवर कड सुबक आणि मध्यभाग आकसलेला, वेगळ्याच छटेचा. महागडं मशीन किंवा नवा रंग आणून हे सुधारत नाही. जे तुटलं ते तुटलं.

नुसता कॅन्सर ओळखायचा असेल तर अनुभवी डोळा अशा स्लाइडवरही मार्ग काढतो. खरा घोटाळा होतो पुढच्या चाचणीत. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पेशींमध्ये इस्ट्रोजेनचे रिसेप्टर, म्हणजे ईआर, आहेत का हे बघतात. असतील तर टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या कामाला येतात. ही प्रथिनं फार नाजूक. नमुना उशिरा किंवा अपुरा फिक्स झाला की ती नष्ट होतात आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. म्हणून अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी आणि कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स यांचा नियम आहे : काढल्यापासून तासाभरात नमुना फॉर्मॅलिनमध्ये, आणि तिथे किमान 6, जास्तीत जास्त 72 तास.

जास्तीत जास्त का? कारण टाके फार झाले की रिसेप्टर त्यांच्याखाली झाकले जातात. हे टाके सैल करायला लॅबवाले स्लाइड गरम द्रावणात उकळतात, आणि त्यासाठी कित्येक ठिकाणी चक्क प्रेशर कुकर वापरतात. झाकलेलं असं थोडंफार उघडता येतं. पण सुरुवातीच्या तासांत जे नष्ट झालं, ते कुकर परत आणत नाही.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड प्रांतात याची मोठी किंमत मोजावी लागली. 1997 ते 2005 या काळात तिथे स्तनाच्या कॅन्सरच्या जवळपास 400 रुग्णांचे रिसेप्टर रिपोर्ट चुकीचे निघाले. ज्यांना गोळ्यांचा उपयोग झाला असता, अशा बायकांना त्या मिळाल्याच नाहीत. चूक उघड झाली तेव्हा त्यातल्या कित्येक जणी हयात नव्हत्या. न्यायाधीश मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशीचा अहवाल 2009 मध्ये आला. लॅबमधल्या अनेक त्रुटी समोर आल्या, त्यात नमुने नीट फिक्स न होणं हीसुद्धा होती.

मग आपण काय करायचं? ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना विचारा की नमुना कशात ठेवणार, फॉर्मॅलिन आणि मोठी बरणी तयार आहे का, लॅब किती वाजेपर्यंत घेते, उद्या सुट्टी तर नाही ना. विसर्जनाच्या आदल्या दिवशी ऑपरेशन असेल तर हे नक्कीच विचारा. नमुना कधी काढला आणि फॉर्मॅलिनमध्ये कधी टाकला, ते फॉर्मवर लिहून घ्या. नाव बरणीच्या अंगावर हवं, झाकणावर नको, झाकणं बदलतात. बरणी तुमच्या हातात दिली तर उघडून बघू नका, फॉर्मॅलिनची वाफ घातक असते. आणि चांगलं राहील म्हणून फ्रीजरमध्ये तर मुळीच ठेवू नका. बर्फाचे स्फटिक पेशींना भोकं पाडतात.

याला अपवाद आहेत, तेही माहीत हवेत. टीबीची शंका असेल तर गाठीचा एक भाग वेगळ्या निर्जंतुक बरणीत, सलाइनमध्ये पाठवतात. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चरमध्ये वाढणार काय? ऑपरेशन चालू असताना फ्रोझन सेक्शन करायचं असेल तरी नमुना ताजाच जातो. म्हणजे सलाइन दिसलं की भांडायला जाऊ नका, आधी विचारा.

मावशीचं सांगायचं राहिलं. ऑपरेशनच्या महिनाभर आधी तिची सुईने बायोप्सी झाली होती, दुसऱ्या ठिकाणी. तेव्हा खर्च नको म्हणून रिसेप्टरची चाचणी केली नव्हती. सुईने निघतो तो धागा दोन मिलिमीटरपेक्षाही बारीक, त्यात फॉर्मॅलिन झटकन आरपार जातं. आम्ही तो ब्लॉक मागून आणला. ब्लॉक आणि स्लाइड रुग्णाला मागता येतात, परळच्या टाटा मेमोरियलला दुसरं मत घ्यायला गेलात तरी तेच आणायला सांगतात. त्या ब्लॉकवर चाचणी केली. ईआर पॉझिटिव्ह.

आता ती रोज रात्री जेवणानंतर टॅमॉक्सिफेन घेते. ब्लॉक तिच्या कपाटात आहे, एलआयसीच्या कागदांशेजारी एका डबीत, वर पेनाने "हात लावू नये" लिहिलेलं.