आरमारातून गोदीत : व्हाइस अ‍ॅडमिरल बेंजामिन सॅमसन

दोह्याच्या दक्षिणेला असलेले अल वक्रा हे मोत्यांचे आणि मासेमारीचे जुने बंदर. आखातातले मोती होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडून विक्रीसाठी मुंबईला येत. हे नाते इतके घट्ट होते की, आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी छापलेला रुपया कतारमध्ये १९६६ पर्यंत चालत होता. या वाटेच्या मुंबईकडच्या टोकाला, अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर, बेने इस्राएलांचे पूर्वज जहाज फुटून उतरले, असे परंपरा सांगते.

उतरले ते तेलाच्या घाण्यावर बसले आणि शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ झाले, हे सर्वांना पाठ आहे. पण याच समाजाने समुद्राकडे पाठ फिरवली नाही, हे तितके सांगितले जात नाही. चुर्रीकर घराण्यातील आरोन यांनी आंग्र्यांच्या आरमारात अधिकारपद भूषवले, अशी आठवण सांगतात. मुंबईच्या मांडवीत १७९६ साली पहिले सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हेही कंपनी सरकारच्या फौजेतले अंमलदार. बेंजामिन अब्राहम सॅमसन यांचे नाव या ओळीत येते. (सॅमसन हे ‘शिमशोन’ या हिब्रू नावाचे इंग्रजी रूप.)

सॅमसन स्वतंत्र भारताच्या नौदलात वर चढत गेले. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे ते प्रमुख होते. तेथे भूदल, नौदल आणि हवाई दल यांचे छात्र एकत्र शिकतात. त्यामुळे तेथे नेमणूक झालेल्या नौदल अधिकाऱ्याला केवळ समुद्राचा विचार करून भागत नाही.

१९६५ च्या युद्धात ते रिअर अ‍ॅडमिरल आणि भारतीय ताफ्याचे सेनापती होते. या पदाचे इंग्रजी नाव ‘फ्लॅग ऑफिसर कमांडिंग, इंडियन फ्लीट’. ‘फ्लॅग’ यासाठी की, असा अधिकारी ज्या जहाजावर असेल त्यावर त्याचे स्वतःचे निशाण फडकते. सॅमसन यांचे निशाण ‘मैसूर’ या क्रूझरवर होते.

ते युद्ध मुख्यतः जमिनीवर आणि आकाशात लढले गेले. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानच्या सात युद्धनौकांनी द्वारकेवर काही मिनिटे तोफा डागल्या आणि त्या निघून गेल्या. नुकसान किरकोळ होते, मात्र लोकांना ते फार झोंबले आणि ‘आपले नौदल कुठे होते?’ असा प्रश्न उठला. उत्तर बोचरे होते. विमानवाहू ‘विक्रांत’ मुंबईत दुरुस्तीसाठी गोदीत होती. ‘तलवार’ ही फ्रिगेट द्वारकेपासून जवळच, ओख्याला होती, पण तिच्या यंत्रणेत बिघाड होता. शिवाय पोरबंदरच्या अक्षांशापलीकडे उत्तरेला जायचे नाही, असा दिल्लीचा आदेश होता. नौदलप्रमुख भास्कर सदाशिव सोमण यांना तो मान्य नव्हता; तरी पाळावा लागला. ताफ्याच्या प्रमुखाच्या हाती जहाजे असून हात बांधलेले होते. सैनिकाला लढाईपेक्षा हे अवघड जात असावे.

या प्रसंगातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ‘मैसूर’, ‘विक्रांत’, ‘तलवार’ या तिन्ही नौका ब्रिटनमध्ये बांधलेल्या. देशात मोठी युद्धनौका बांधली जातच नव्हती.

युद्धानंतर सॅमसन माझगाव डॉकचे व्यवस्थापकीय संचालक झाले. माझगावला १७७४ पासून गोदी आहे. १९६० मध्ये सरकारने ही कंपनी ताब्यात घेतली आणि ती संरक्षण उत्पादनाच्या कामाला लागली. ब्रिटिश नमुन्याच्या ‘लिअँडर’ जातीच्या फ्रिगेट येथे बांधायच्या, हा निर्णय युद्धापूर्वीचाच होता. तो प्रत्यक्षात उतरवायचा होता गोदीत.

जहाजावर हुकूम सुटला की काम होते. गोदीत तसे चालत नाही. तेथे वेल्डर आहेत, युनियन आहे, विलायतेहून येणारे आराखडे आहेत, वेळेवर न येणारे सुटे भाग आहेत आणि प्रत्येक खर्चाचा हिशेब मागणारे मंत्रालय आहे. व्यापारी जहाजाची दुरुस्ती करणाऱ्या हातांना युद्धनौकेची बांधणी शिकायची होती: तोफा, रडार, बाष्पटर्बाइन आणि पाणबुडी शोधणारी यंत्रे, सारे सुमारे तीन हजार टनांच्या एका सांगाड्यात बसवायचे. नौदलाचा माणूस तेथे प्रमुख असण्याचा फायदा एवढाच, पण मोठा, की भर समुद्रात यंत्र बंद पडले म्हणजे काय होते हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

पहिली फ्रिगेट ‘निलगिरी’ २३ ऑक्टोबर १९६८ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या उपस्थितीत पाण्यात उतरली. पाण्यात उतरणे म्हणजे तयार होणे नव्हे. रिकाम्या सांगाड्यात सारे बसवायला पुढे साडेतीन वर्षे गेली. त्यामुळे डिसेंबर १९७१ मध्ये नौदलाने कराचीवर धडक मारली, तेव्हा ‘निलगिरी’ त्यात नव्हती. त्या क्षेपणास्त्र नौका सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या होत्या. ३ जून १९७२ रोजी ‘निलगिरी’ नौदलात दाखल झाली. तिच्यामागून हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी आणि १९८१ मध्ये विंध्यगिरी अशा आणखी पाच बहिणी याच गोदीतून निघाल्या. दिवेकरांचे सिनेगॉग असलेली मांडवी आणि माझगावची ही गोदी मुंबईच्या एकाच पूर्व किनाऱ्यावर आहेत.