नागरिकत्व कसें मिळतें ?

डहाणूहून समुद्रकांठानें उत्तरेस निघालें कीं नरपड लागतें, आणि चिखले, घोलवड, बोर्डी अशीं गांवें मागें टाकीत बरेंच पुढें गेलें कीं दमण येतें. पूर्वेस तलासरीचें रान ओलांडलें तर नगरहवेलींतील पाड्यांवरही वारलीच भेटतात. एवढा शेजार असूनही नरपड-तलासरीचा माणूस राज्यघटनेबरोबरच भारताचा नागरिक झाला. नगरहवेलींतील त्याच्या सोयऱ्यास ११ ऑगस्ट १९६१ पर्यंत, तर दमणकरास २० डिसेंबर १९६१ पर्यंत थांबावें लागलें. रक्त आणि भाषा यांनीं आपुलकी उपजते. नागरिकत्व मात्र कायदा देतो, आणि तेंही नेमक्या तारखेस.

या भेदाचें मूळ जुनें आहे. १७३९ सालीं मराठ्यांनीं डहाणू पोर्तुगीजांकडून घेतलें, दमण त्यांच्याकडेच राहिलें. आणि नगरहवेली तर पुढें पेशव्यांनींच १७७९ च्या तहानें पोर्तुगीजांच्या पदरांत टाकली! २ ऑगस्ट १९५४ रोजीं सिल्वासा मुक्त झाल्यावर तेथील कारभार वरिष्ठ पंचायत पाहूं लागली. पोर्तुगीज अंमल उठला होता, पण कायद्यानें तो मुलूख भारतांत आला नव्हता. सात वर्षें तेथील रहिवाशांची ही अशी त्रिशंकु अवस्था होती.

नवा प्रदेश सामील झाला म्हणजे तेथील कोणास नागरिक मानावें, हें सरकार १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार हुकूम काढून ठरवितें. गोवा, दमण व दीवसाठीं १९६२ सालीं निघालेल्या हुकुमानें, जो स्वतः किंवा ज्याचे आईबाप वा आजोबा-आजी यांपैकीं कोणीही तेथें जन्मले, तो नागरिक ठरला. ज्यास जुनेंच नागरिकत्व राखावयाचें असेल, त्यानें एक महिन्यांत तसें लेखी कळवावयाचें होतें. गोव्यांतील फादर मोंतेरो यांनीं तसें कळविलें. मग स्वतःच्याच भूमींत त्यांना परकीय म्हणून परवाना घ्यावा लागला. मुदत सरल्यावरही ते राहिले म्हणून खटला झाला, आणि १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांचें अपील फेटाळलें. तरी परक्याचें गाऱ्हाणें त्या न्यायासनानें ऐकून घेतलें, हेंही विसरतां कामा नये.

कारण घटनेंतील कांहीं हक्क 'व्यक्ती'स आहेत, कांहीं केवळ 'नागरिका'स. कायद्यापुढें समानता, जीविताचें रक्षण व धर्माचरण हे परकीयासही लाभतात. मतदान, निवडणुकीस उभें राहणें, भाषणस्वातंत्र्य आणि देशांत कोठेंही वसण्याचा हक्क हे नागरिकाचे.

येथें जन्मलेलें प्रत्येक मूल नागरिकच, अशी श्रोत्यांपैकीं पुष्कळांची समजूत असेल. १ जुलै १९८७ पूर्वीं जन्मलेल्यांपुरती ती बहुतांशीं खरी आहे. त्यानंतर आईबापांपैकीं एकजण नागरिक असणें जरूर झालें. आणि ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा आलेला नसावा. परदेशांत जन्मलेल्यांस वंशानें, कांहींना नोंदणीनें, तर इतर परकीयांस दीर्घ वास्तव्यानें नागरिकत्व मिळूं शकतें. या शेवटच्या मार्गास सर्वसाधारणपणें अर्जापूर्वींचें सलग एक वर्ष आणि त्याआधींच्या चौदा वर्षांपैकीं अकरा वर्षें येथें काढलेलीं असावीं लागतात. शिवाय घटनेच्या आठव्या अनुसूचींतील एक भाषा यावी लागते. मराठी त्यांत आहेच.

मिळालेलें नागरिकत्व जातेंही. दमणचीं कित्येक कुटुंबें आजोबांच्या पोर्तुगीज काळांतील जन्माच्या आधारें पोर्तुगालचें नागरिकत्व घेऊन इंग्लंडांत गेलीं आहेत. परदेशाचें नागरिकत्व स्वेच्छेनें घेतलें कीं भारताचें संपतें. अशा माणसास परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंद करून येथें येतां-राहतां येतें, पण नांवांत 'नागरिक' असूनही मत देतां येत नाहीं. नरपडची चिकूची वाडी त्यास विकत घेतां येणार नाहीं. वडिलांकडून वारशानें आली, तर मात्र राखतां येईल.