मीटरची लाईट गेली? आधी गाडीच्या मागे जाऊन बघा

आपल्या भागात अजून जुन्या गाड्या भरपूर आहेत. मारुती ८००, ओम्नी, इंडिका, सुमो, जुनी बोलेरो. इंजिन दणकट असतं, गाडी रोज बाजाराला, दवाखान्याला, लग्नकार्याला जाते. पण या गाड्यांत एक तक्रार हमखास असते. रात्री लाईट लावली की मीटर अंधारात. स्पीड दिसत नाही, डिझेल किती उरलं ते दिसत नाही. काहींच्या मीटरचा उजेड इतका पिवळा आणि मंद, की काटा बघायला मोबाईलची बॅटरी मारावी लागते.

बरेच जण म्हणतात, "असू दे, रस्ता तर दिसतोय ना." इथंच चूक होते. मीटरची लाईट हा साधा बिघाड असू शकतो, तसाच तो मोठ्या बिघाडाची पहिली खूणही असू शकतो. कसं ते समजून घेऊ.

मीटरची लाईट आणि मागची लाल लाईट

बहुतेक जुन्या गाड्यांत पार्किंगची लाईट, मागची लाल लाईट, नंबर प्लेटचा दिवा आणि मीटरमधला उजेड एकाच स्विचवर चालतात. अनेक गाड्यांत त्यांचा फ्यूजही एकच असतो. हेडलाईटचा फ्यूज मात्र वेगळा. म्हणून हा फ्यूज उडाला तर पुढचा रस्ता झकास दिसतो, मीटर अंधारात जातं आणि मागची लाल लाईटही बंद पडते. मीटर तुम्हाला दिसतं. मागची लाईट दिसत नाही, कारण तुम्ही पुढे बसलेले असता.

ऊस हंगामात आपल्या रस्त्यांची अवस्था सगळ्यांना माहीत आहे. ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बैलगाड्या, समोरून येणाऱ्या ट्रकचा झगझगीत प्रकाश. अशा रस्त्यावर मागून लाईट नसलेली गाडी म्हणजे उभा धोका. म्हणून मीटर अंधारात दिसलं की पहिलं काम हेच: गाडी बाजूला घ्या, लाईट चालू ठेवा आणि मागे जाऊन बघा. लाल दिवे लागलेत का? नंबर प्लेटवर उजेड आहे का? घरी असाल तर पोराला मागे उभं करा. या एका तपासणीने अर्धं निदान होतं.

लक्षणावरून बिघाड ओळखा

मीटरही बंद आणि मागची लाईटही बंद: फ्यूज उडालाय किंवा लाईटचा स्विच खराब झालाय.

मागची लाईट ठीक, फक्त मीटर अंधारात: आधी डिमरची चकती बघा. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ उजेड कमी-जास्त करायची छोटी चकती किंवा नॉब असतो. पुसताना किंवा लेकरांच्या हाताने तो फिरतो आणि आपण वायरिंग शोधत बसतो. चकती दोन्ही टोकांपर्यंत आठ-दहा वेळा फिरवा. आतला संपर्क मळलेला असेल तर एवढ्यानेही लाईट परत येते. नाही आली, तर मीटरमागचं कनेक्टर किंवा अर्थिंग तपासावं लागेल.

अर्धं मीटर उजेडात, अर्धं अंधारात: एखादा बल्ब गेलाय. मीटरमध्ये उजेडासाठी बहुधा दोन ते चार बल्ब असतात.

खड्ड्यात गाडी आदळली की लाईट जाते आणि येते: बल्बचा होल्डर किंवा कनेक्टर ढिला आहे.

इंडिकेटर दिला की मीटरचा उजेडही त्याच तालावर कमी-जास्त होतो: अर्थिंग खराब आहे. वीज परत जायला नीट वाट मिळत नाही म्हणून ती दुसऱ्या बल्बमधून वाट काढते.

सगळंच मंद, हेडलाईटसुद्धा: बॅटरी किंवा अल्टरनेटरकडे बघा. अल्टरनेटर म्हणजे ज्याला आपल्याकडे अजून डायनामो म्हणतात तो.

उजेड मंद का होतो?

साध्या तारेच्या बल्बचं गणित कडक असतं. व्होल्टेज दहा टक्के कमी झाला की उजेड दहा टक्के नाही, तीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो. कुठं गंजलेला संपर्क, कुठं ढिलं अर्थिंग, एवढ्यानेही एखाद-दीड व्होल्ट वाटेत खाल्ला जातो आणि मीटर पिवळं पडतं. शिवाय बल्ब जुना झाला की त्याची काच आतून काळी पडते. मीटरची मागची पांढरी बाजू धुळीने माखते, तीही उजेड खाते.

मल्टिमीटर असेल तर बॅटरीच्या दोन टोकांवर लावा. गाडी रात्रभर उभी असल्यावर चांगली बॅटरी १२.४ ते १२.७ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. इंजिन चालू असूनही आकडा १२ च्या आसपासच राहिला तर चार्जिंग होत नाही. मग मीटरचे बल्ब बदलून काही उपयोग नाही.

फ्यूज तपासताना

फ्यूजचा डबा बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली किंवा बॉनेटमध्ये असतो. झाकणावर कोणता फ्यूज कशाचा ते लिहिलेलं असतं. पाती असलेल्या फ्यूजचा रंगच त्याची ताकद सांगतो: लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. लाईट आणि चावी बंद करा, फ्यूज सरळ ओढून काढा, उजेडात धरा. आतली पट्टी तुटलेली दिसली तर त्याच रंगाचा, त्याच आकड्याचा नवा घाला.

पट्टी डोळ्यांना शाबूत दिसली तरी खात्री करा. १२ व्होल्टच्या बल्बला दोन वायरी जोडून टेस्ट लॅम्प घरीच होतो. एक वायर गाडीच्या उघड्या लोखंडाला लावा. पार्किंग लाईट चालू करून दुसरी वायर फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन बारीक उघड्या ठिकाणी आळीपाळीने टेकवा. दोन्हीकडे बल्ब लागला तर फ्यूज चांगला. एकाच बाजूला लागला तर फ्यूज गेलाय. दोन्हीकडे लागला नाही तर वीज तिथपर्यंत येतच नाही, म्हणजे स्विचकडे किंवा त्याच्या अलीकडे बघायचं.

फ्यूजच्या जागी तार, सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा मोठा फ्यूज घालायचा नाही. फ्यूज उडतो तो वायर वाचवायला. तो नसला तर वायर तापते, वेष्टण वितळतं आणि गाडी पेट घेऊ शकते. जवळ फ्यूज नसेल तर टेपचा किंवा मोबाईल चार्जिंगच्या सॉकेटचा फ्यूज त्याच आकड्याचा आहे का बघा. घरी पोचेपर्यंत तो वापरता येतो.

नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी वायर लोखंडाला टेकतेय. जुन्या गाड्यांत नेहमीच्या जागा चार. मागच्या लाईटच्या होल्डरमध्ये शिरलेलं पाणी. डिकीच्या बिजागरीजवळ घासलेली नंबर प्लेटच्या दिव्याची वायर. नवीन टेप बसवताना ओढलेली आणि उघडीच राहिलेली वायर. आणि उंदीर. गाडी गोठ्याजवळ किंवा धान्याच्या पोत्यांपाशी उभी असेल तर उंदराने कुरतडलेली वायर आधी शोधा.

बल्ब बदलायचा असेल तर

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. हातातली अंगठी, कडं बाजूला ठेवा. मीटरभोवतीच्या प्लॅस्टिकचे स्क्रू काढले की मीटर थोडं पुढे ओढता येतं. हिसका द्यायचा नाही. जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल मागे अडकलेली असते, ती आधी सोडवावी लागते. काढण्याआधी मोबाईलवर दोन फोटो काढून ठेवा, जोडताना गोंधळ होत नाही.

बल्बचा होल्डर पाव फेरा फिरवला की बाहेर येतो. बल्बवर किंवा होल्डरवर वॅट लिहिलेले असतात, तेवढ्याच वॅटचा बल्ब घ्या. जास्त उजेडासाठी मोठा बल्ब घातला तर त्याच्या उष्णतेने होल्डर आणि मीटरचं प्लॅस्टिक वितळतं. मीटर उघडलंच आहे तर सगळे बल्ब एकदम बदला, पुन्हा महिन्याभरात उघडायला नको. होल्डरच्या पिनांवर हिरवट गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने हळुवार साफ करा. मागच्या पातळ तांब्याच्या पट्ट्यांवर मात्र घासू नका, त्या लगेच तुटतात.

एलईडी बसवायची असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. लागली नाही तर होल्डरमध्ये उलटी फिरवून घाला, कारण तिला प्लस-मायनस असतं. आणि जुन्या डिमरवर ती नीट कमी-जास्त होत नाही.

तुमच्या गाडीत एअरबॅग असेल तर स्टिअरिंगचे भाग किंवा तिथली पिवळी कनेक्टर घरी उघडू नका. ते काम मिस्त्रीकडेच द्या.

लाल दिवे विसरू नका

मीटरमध्ये दोन प्रकारचे दिवे असतात. एक उजेडाचे, दुसरे इशाऱ्याचे. इशाऱ्याचा दिवा गेलाय हे कळतच नाही, कारण तो एरवी बंदच असतो. त्यामुळे महिन्यातून एकदा हे करा: इंजिन सुरू न करता फक्त चावी ऑन करा. ऑईलचा लाल दिवा आणि बॅटरीचा लाल दिवा लागलेच पाहिजेत. इंजिन सुरू झालं की ते विझले पाहिजेत.

ऑईलचा दिवा लागलाच नाही तर उद्या ऑईल संपलं किंवा पंप बसला तरी गाडी तुम्हाला काही सांगणार नाही. इंजिन जाम झालं की खर्च हजारोंत जातो, बल्ब येतो काही रुपयांत. बॅटरीच्या दिव्याचं तर आणखी एक काम आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीची वीज त्या दिव्यातूनच जाते. तो बल्ब गेला तर चार्जिंग वेळेवर सुरू होत नाही, आणि लोक विनाकारण नवी बॅटरी घेतात. या जागी साधी एलईडी घातली तरी हीच अडचण येऊ शकते. तिथं मूळ प्रकारचाच बल्ब ठेवा.

रात्री वाटेत लाईट गेली तर

मागची लाईट चालू असेल आणि फक्त मीटर अंधारात असेल तर हळू चालवत घरी जाता येईल. आत मोबाईलची बॅटरी लावून ठेवू नका. तिचा उजेड काचेवर पडतो आणि बाहेरचं दिसेनासं होतं.

मागची लाईटच बंद असेल तर पुढे जाऊ नका. गाडी डांबरीच्या पूर्ण खाली घ्या, चारही इंडिकेटर लावा, माणसांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा आणि मग फ्यूज बघा. डॅशबोर्डच्या खणात दोन-तीन फ्यूज आणि छोटी टॉर्च कायम असू द्या. मागच्या बंपरवर लाल रिफ्लेक्टर पट्टी लावून घ्या. सगळी वीज गेली तरी मागच्या गाडीच्या उजेडात ती चमकते.

खासगी गाडीला १५ वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करताना तपासणी होते, त्यात दिवेही बघतात. पण तपासणीच्या तारखेची वाट कशाला बघायची? आज दिवे लागणीच्या वेळेला गाडीची लाईट लावा आणि एकदा मागे जाऊन या.